मुंबईच्या पुढे दोन बोटं

मित्रांनो, मी एक जुना पृथ्वीगोल आहे. पुठ्ठ्याचे दोन अर्धे गोल जोडून, त्यांवर नकाशाच्या पट्ट्या चिकटवून मला घडवलं. आता उत्तर ध्रुवापाशी एक पट्टी सुटली आहे आणि हिंदी महासागराचा निळा रंग बोटांनी घासून फिका पडला आहे. तो कसा, तेच सांगायचं आहे.

माझी उमेदीची वर्षं तलासरीच्या एका शाळेत गेली. काशीनाथ गुरुजी भूगोल शिकवत. कुणी सपाट नकाशावर पट्टी ठेवून अंतर मोजलं की ते चिडत. "पृथ्वी म्हणजे काय पोळपाट आहे?" म्हणत, आणि पत्नीच्या शिवणाच्या डब्यातला लाल दोरा माझ्यावर ताणून धरत. मुलं मुद्दाम लांबची बेटं निवडत. मॉरिशस ते बाली! गुरुजी दोऱ्यावरून किलोमीटर काढत, मग विमानाचे तास.

"गुरुजी, इमान मधी हाटेलावर थांबतं का?" रूपीने एकदा विचारलं.

"थांबलं तर तुझ्यासाठी भजी आणतो."

सगळा वर्ग हसून लोळला.

पुढे शाळेत मोठा पडदा आला आणि मी अडगळीत गेलो. निवृत्त होताना गुरुजींनी मला मागून घेतलं आणि डहाणूच्या घरी आणलं. मुलगा शैलेश मॉरिशसच्या एका हॉटेलात नोकरीला लागला, त्या दिवशी त्यांनी तिथून मुंबईपर्यंत दोरा ताणला. मुलीला, श्रुतिकाला, म्हणाले, "थेट विमान आहे. सहा-एक तास. सकाळी निघाला तर रात्री जेवायला घरी."

गेल्या वर्षी गुरुजींचं हृदय थकलं. ऑपरेशन ठरलं. डॉक्टरांनी धोका लपवला नाही. त्याआधी मुलाला एकदा डोळ्यांनी बघायचं, एवढीच गुरुजींची इच्छा होती.

"बाबा, एवढ्या लांबून असं उठून येता येतं का?" शैलेश फोनवर म्हणाला. "सुट्टीच नाही. आणि ताई आहे ना तिथे."

"आहे रे. तिला रोज बघतोच."

त्याच आठवड्यात मोबाइलवर फोटो आले. बालीचा किनारा, शैलेश, त्याची बायको, रंगीत छत्र्या. श्रुतिकाने मोबाइल पालथा ठेवला, पण गुरुजींनी पाहिलं होतं. त्यांनी मला पलंगावर मागून घेतलं. मॉरिशसवरून बालीपर्यंत दोरा ताणला. मग तोच दोरा मुंबईकडे वळवला. मुंबईच्या पुढे दोन बोटं दोरा उरला.

"तिकडे थेट विमान नाही गं," ते म्हणाले. "मध्ये उतरून बदलावं लागतं. थांबाथांब धरून जवळजवळ दिवस जातो." मग हळूच म्हणाले, "दमला असेल."

"तुम्ही त्याचीच बाजू घ्या, बाबा," श्रुतिका म्हणाली आणि स्वयंपाकघरात निघून गेली.

ऑपरेशनमधून गुरुजी परतले नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी शैलेश दारात उभा होता. "नशीब, थेट विमान मिळालं," तो नातेवाइकांना सांगत होता. "सहा तासांत मुंबई." श्रुतिकाने त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला.

तेराव्यानंतर आवराआवर करताना त्याने मला उचललं.

"ताई, हा भंगारात देऊ? फाटलाय."

"खाली ठेव."

"अगं, पण..."

"ठेव म्हटलं ना."

मित्रांनो, माझी सुटलेली पट्टी कुणी खळ लावून चिकटवली तर बरं वाटेल. नाही चिकटवली तरी मी फिरेन. पण घरी कुणी तुमची वाट बघत असेल, तर 'फार लांब आहे' म्हणण्याआधी एकदा दोरा ताणून बघा. श्रुतिकाने तो माझ्यावरून अजून काढलेला नाही. फोटो आले त्या दिवशी गुरुजींनीच त्याचं एक टोक मॉरिशसवर चिकटवलं आणि मुंबईवरही खळीचा एक ठिपका लावला. दुसरं मुंबईच्या पुढे दोन बोटं लोंबतं आहे.