डबा गरम का होतो

मोशीतल्या त्या सोसायटीत बंद पडलेली वस्तू दौलतरावांच्या हातून चालू झाली नाही, असं सहसा होत नसे. लिफ्ट अडकली की वॉचमन आधी त्यांना हाक मारी, मग लिफ्टवाल्यांना फोन करी. चाकणच्या एका कंपनीच्या प्रेसशॉपमध्ये, म्हणजे पत्र्याचे भाग ठोकणाऱ्या विभागात, बावीस वर्षं मेंटेनन्स सांभाळलेला माणूस. निवृत्त होऊन दीड वर्ष झालं तरी शर्टाच्या खिशात टेस्टर असायचाच. अशा माणसाला टीव्हीखालच्या तळहाताएवढ्या डब्याने रडकुंडीला आणलं होतं.

डबा पाठवला होता त्यांच्या एकुलत्या एका मुलाने, ज्ञानेशने, जर्मनीहून. इंटरनेटवरच्या मालिका आणि सिनेमे टीव्हीवर दाखवणारा. त्यावर मालिका बघायच्या त्या त्यांच्या पत्नी, विजयश्रीबाई. दौलतरावांना त्यात काडीचा रस नव्हता. पण डब्याला एक कॅमेराही जोडलेला होता, आणि दर रविवारी संध्याकाळी पाच वाजता मुलगा, सून आणि सहा वर्षांची नात इंद्रायणी, म्हणजे इंदू, भिंतभर होऊन समोर यायची. गेल्या श्रावणात विजयश्रीबाई गेल्या. तेव्हापासून दौलतरावांच्या आठवड्यात ठरलेलं असं एवढंच उरलं. रविवारी ते दुपारी दुसऱ्यांदा दाढी करत, इस्त्रीचा शर्ट घालत आणि साडेचारलाच सोफ्यावर येऊन बसत. एकट्या माणसाला तयारी करायला काहीतरी कारण लागतं.

होळीनंतर डब्याचं दुखणं सुरू झालं. बारा मिनिटं झाली की चित्र थिजायचं. इंदूचं तोंड उघडं ते उघडंच राहायचं. मग पडद्यावर पाटी यायची, की यंत्र फार तापलंय, थंड होऊ द्या. आणि अंधार. मिनिटाभरात मोबाईल वाजायचा.

"बाबा, परत गेला का?" ज्ञानेश विचारायचा.

"गेला."

"गरम झालाय?"

"चटका बसतोय रे हाताला."

मग बापलेक डब्यावर बोलत बसायचे. कुठे ठेवलाय, खाली काय आहे, वायर कुठली लावली, मागची भोकं मोकळी आहेत का. ज्ञानेश एकेक विचारायचा, दौलतराव उठून बघून यायचे आणि सांगायचे. पण चार-पाच रविवार असे गेल्यावर ज्ञानेश म्हणाला, "बाबा, हे असंच होणार असेल तर टीव्हीवरचं राहू दे ना. इंदू मध्येच कंटाळून उठते. मी अधूनमधून फोन करत जाईन."

तो 'अधूनमधून' दौलतरावांच्या जिव्हारी लागला. रविवार गेला तर आपल्याकडे काय राहिलं, हे त्यांना बोटावर मोजायचीही गरज नव्हती. त्याच संध्याकाळी त्यांनी डबा दुरुस्तीला घेतला.

त्यांची पद्धत कंपनीतली. मशीन बंद पडलं की एक कागद घ्यायचा आणि पाच वेळा 'का' विचारायचं. बंद का पडलं? तापलं म्हणून. तापलं का? असं खोदत खोदत मुळाशी जायचं. त्यात एक नियम होता आणि तो दौलतरावांनी शेकडो पोरांच्या डोक्यात घातला होता: शेवटच्या 'का'पुढे माणसाचं नाव लिहायचं नाही. 'ऑपरेटरची चूक' असं लिहून आणलं की कागद ते परत तोंडावर फेकत. चूक माणसाची नसते, कामाच्या पद्धतीची असते, मुळाशी जा, म्हणत. कंपनीतून येताना त्या कोऱ्या कागदांचा एक गठ्ठा त्यांनी घरी आणला होता. कशाला, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

तर कामाला लागले. डबा सेट-टॉप बॉक्सच्या डोक्यावर बसलेला होता; खालचा तापला की हाही तापणार, म्हणून तो खाली उतरवला. शोकेसची काच सरकवून उघडी केली. डबा टीव्हीतूनच वीज घेत होता, त्याला स्वतंत्र अडॅप्टर दिला. ब्लोअर मारला तर भोकांतून पिठासारखी पांढरी धूळ उडाली. मोशीत खडीच्या खाणींची धूळ कुणाला चुकलीय. न वापरता मागे चालू राहिलेली ॲप्स एकेक करून बंद केली. पुढच्या रविवारी डबा चौदाव्या मिनिटाला गेला. एवढ्या मेहनतीची कमाई दोन मिनिटं.

आता खरं सांगायचं तर दौलतरावांना पहिल्या दिवसापासून सगळं ठाऊक होतं. डब्यावर कव्हर होतं. विजयश्रीबाईंनी शिवलेलं, इंदूच्या फ्रॉकचं कापड उरलं होतं त्यातलं, पिवळ्यावर छोटे छोटे हत्ती आणि कडेने इलॅस्टिक. धुळीचा त्यांना भारी राग. मिक्सरला कव्हर, फ्रीजच्या दांड्याला कव्हर, रिमोटला प्लास्टिक. त्यांच्या हातचं शेवटचं शिवण म्हणजे हे डब्याचं कव्हर. त्यानंतर मशीनवर बसणं त्यांना झालं नाही. गेल्या उन्हाळ्यात त्या सकाळी तासभर मालिका बघत, तेवढं डब्याने सोसलं. आता घर खायला उठतं म्हणून दौलतराव दिवसभर तो चालू ठेवत, कुणीतरी बोलत राहावं म्हणून. आधीच तापलेल्या डब्यावर पाच वाजता कॅमेऱ्याचाही भार पडला की तो बसायचा. एखाद्या ऑपरेटरने चालू मोटरवर फडकं टाकलेलं दिसलं असतं, तर याच दौलतरावांनी त्याला सगळ्या शॉपसमोर सोलला असता. इथे ते ब्लोअर मारताना कव्हर हळूच वर करत आणि काम झालं की पुन्हा नीट बसवत. कागदावर चौथ्या 'का'पुढे त्यांनी 'कव्हर' लिहिलं. पाचवा तसाच कोरा ठेवला. कव्हर का काढत नाही, याला उत्तर होतं ते माणसाचं नाव होतं, आणि नियम तर त्यांनीच शिकवलेला.

शनिवारी त्यांनी चांदभाईंना बोलावलं. चांदभाईंचं आळंदी रस्त्याला टीव्ही दुरुस्तीचं दुकान, जुनी ओळख. आले, चपला काढल्या, टीव्हीपुढे उकिडवे बसले आणि डब्याकडे नुसतं बघत राहिले.

"दौलतराव, मला कशाला बोलावलं वो तुमी? ह्यात मी सांगन्यासारखं काय हाय?"

"बघा तरी. दुसरं काही असंल."

"दुसरं काय न्हाई." चांदभाईंनी हात पुढे केला आणि पुन्हा मागे घेतला. "वहिनींनी शिवलेलं का?"

"हो."

"मंग मी न्हाई काढनार. तुमीच काढा. धुवा आन् कपाटात ठेवा चांगलं. चहा टाका आता."

चहा पिऊन ते गेले. दार लावून दौलतरावांनी कव्हर काढलं. कापड आतून गरम होतं, नुकतंच कुणीतरी अंगातून उतरवल्यासारखं. दौलतरावांना रडू आलं, आणि ते लपवावं असं घरात कोणी नव्हतं, म्हणून ते मनसोक्त रडले.

रविवारी डबा चालला. बारा मिनिटं झाली, चौदा झाली, दौलतराव घड्याळाकडे चोरून बघत होते आणि मनातून फुलत होते. इंदूने चित्र दाखवलं आणि खेळायला पळाली. सून रुपालीने ओट्याजवळून हात हलवला. मग दोघेच उरले.

"जेवलात ना बाबा?"

"हो."

"ऊन काय म्हणतंय?"

"चाळीस."

ज्ञानेशने बाजूला कुठेतरी पाहिलं. "डबा मस्त चाललाय की. काय केलंत?"

"हवा मोकळी केली."

"सही. बरं मग... ठेवू?"

सोळा मिनिटं. टीव्ही बंद झाला आणि दौलतराव मोबाईल हातात धरून बसले. तो वाजला नाही. वाजायचं कारणच उरलं नव्हतं. त्यांनी डब्यावर हात ठेवला, डबा कोमट होता, कुठल्याही कसोटीला उतरेल असा. पुढच्या रविवारी तेरा मिनिटं झाली. त्याच्या पुढच्या रविवारी अकरा.

तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आलं. मुलगा आपल्याशी जे काही मन लावून बोलत होता, ते डबा बंद पडल्यावर. तेव्हा तो प्रश्न विचारायचा आणि उत्तराची वाट बघायचा. कधी वीस मिनिटं, कधी पंचवीस. बावीस वर्षांच्या अनुभवाने आपण ते दुरुस्त करून टाकलं. स्वतःच्या कारागिरीचा एवढा राग दौलतरावांना आयुष्यात कधी आला नव्हता.

चौथ्या रविवारी पावणेपाचला त्यांनी कपाट उघडलं. धुतलेलं, घडी घातलेलं कव्हर काढलं आणि इलॅस्टिक ताणून डब्यावर चढवलं. डबा सेट-टॉप बॉक्सच्या डोक्यावर नेऊन बसवला. शोकेसची काच लावली. हे दर वेळी केलं तर पोरगा पुन्हा 'अधूनमधून'वर येईल, हे त्यांना कळत होतं. म्हणून त्यांनी कंपनीत मेंटेनन्सच्या तारखा टाकत तसं कॅलेंडर घेतलं आणि प्रत्येक महिन्याच्या शेवटच्या रविवाराभोवती पेनने गोल केला. महिन्यातून एकच दिवस. मग तो जुना कागद शोधला आणि पाचव्या 'का'पुढे, आयुष्यभराचा नियम मोडून, लिहिलं: विजयश्री. जरा थांबून त्याच्या पुढे लिहिलं: ज्ञानेश.

पाच वाजता ते सोफ्यावर बसले. इंदूने नवे बूट दाखवले. बाराव्या मिनिटाला चित्र थिजलं, पाटी आली, पडदा काळा झाला. दौलतरावांनी मोबाईल मांडीवर घेतला. तो वाजला नाही तर पुढे करण्यासारखं काही नव्हतं.

मोबाईल वाजला.

"बाबा, परत गेला का?"

"गेला रे."

"अरे यार. गरम झालाय का बघा बरं."

डबा तीन हातांवर होता. दौलतराव उठले नाहीत. पाठीमागे उशी घेऊन नीट टेकून बसले.

"बघतो," ते म्हणाले. "फोन ठेवू नको. आधी काय बघू, सांग."