आवणीची रजा

मित्रांनो, कुडाच्या भिंतीत खोचलेले एक पत्र मला अजून आठवते. ते येऊन बरेच दिवस झाले होते, पण त्याला उत्तर गेले नव्हते. त्याच भिंतीला टेकून मी उभी असे. मी एक जुनी सायकल आहे. माझी आठवण आता पूर्वीइतकी पक्की नाही. सांगताना कुठे चुकले, तर सांभाळून घ्या.

मला दुकानातून आणले पालघरच्या भगवंत गुरुजींनी. ते रोज मला पुसत. शिरगावच्या शाळेत गेले की मुले माझी घंटी वाजवायला धावत. तेव्हा मला थोडा गर्वही झाला असावा. पुढे गुरुजींचे गुडघे थकले आणि त्यांनी मला आपल्या आवडत्या विद्यार्थ्याला, देवूला, देऊन टाकले. देवू बोईसरच्या पूर्वेकडच्या डोंगरपाड्यावरचा. सातवी पास झालेला तिथला तो पहिलाच.

त्या वर्षी तारापूरला अणुवीज केंद्राचे बांधकाम जोरात होते. एका ठेकेदाराला गोदामात सामानाची नोंद ठेवणारा माणूस हवा होता. देवू माझ्यावर बसून त्याला भेटून आला आणि मग ते पत्र आले: नोकरी दिली आहे, कधी येता ते कळवा. रजेबद्दल त्यात एक शब्द नव्हता, आणि देवूनेही भेटीत तो काढला नव्हता.

रजा हवी होती आवणीसाठी, म्हणजे भाताच्या लावणीसाठी. पाड्यावर सावड चाले. आज सगळे तुमच्या शेतात, उद्या तुम्ही त्यांच्या. जो दुसऱ्याच्या चिखलात उतरत नाही, त्याच्या शेतात कोणी उतरत नाही. देवूच्या घरी तो आणि त्याची आई नवसी, दोघेच. शिवाय रोप कधी तयार होईल हे आधी कोण सांगणार? रजेची तारीख तरी कोणती लिहायची?

रामकिसन नावाचा त्याचा ओळखीचा माणूस त्याच बांधकामावर होता. जालन्याकडचा. तो घरी आला आणि देवूची अडचण ऐकून हसला.

"लेका, आधी रुजू हो. आत्ताच रजा मागितलीस तर म्हणतील, नवरी मांडवात आली नाही अन् माहेरी जायचं बोलते! दुसऱ्याला घेतील."

"नि मंग नाय दिली रजा तं?"

"मग आजारी पड. सगळेच पडतात."

 देवू रोज पत्र काढी, वाची आणि पुन्हा खोचून ठेवी.

"वाचून वाचून अक्षरा झिजतील त्याची," नवसी म्हणे.

त्या काळजीत तो मला विसरला. माझी साखळी कोरडी पडली, गंज चढला. मला राग आला नाही, भीती वाटली. माझ्यासारखाच तोही एका जागी अडकला होता.

एके दिवशी शेजारचे म्हातारे जिव्याबाबा सावडीची पाळी ठरवायला आले. देवूने हळूच विचारले, "बाबा, सावडीला कोन आला नाय तं?"

"सांगून नाय आला, तं दुसरा गडी बघतो. न सांगता नाय आला, तं परत त्याला हाक नाय. का रं?"

देवूने सगळे सांगितले.

"मंग सायबाला सांग की! त्याचा बी शेतच हाय, सिमिटाचा. त्याला बी गडी बघाय लागल."

"नि नोकरी गेली तं?"

म्हाताऱ्याने विडी शिलगावली. "जाईल बी," तो म्हणाला.

देवूने त्या दिवशी उत्तर लिहिले. येतो, पण आषाढात आवणीला काही दिवस रजा लागेल. तारीख आज सांगता येत नाही, रोप तयार होताच कळवीन.

ते टपालात टाकायला निघालो, तेव्हा बोईसरच्या वाटेवर माझी साखळी उतरली. ती चढवताना त्याचे हात काळे झाले आणि पाकिटावर अंगठा उठला. पुसायला गेला तर डाग पसरला. तो मागे वळून पाड्याकडे पाहू लागला. आता हा परत जाणार, असे मला वाटले.

मित्रांनो, साखळीला तेल वेळेवर घाला. आणि जे सांगायचे आहे, तेही गंज चढायच्या आत सांगा. मी फक्त एक सायकल आहे, त्याहून जास्त मला कळत नाही.

देवू मागे फिरला नाही; बोईसरच्या टपालपेटीच्या तोंडाशी मात्र त्याचा हात थांबला. मग त्याने डोळे मिटले आणि पत्र सोडले.