शनीचे राखणदार

हरिश्चंद्राची बायको तुळसा आषाढात वारली. मार्गशीर्षात बागेची राखण द्यायची वेळ आली तेव्हा त्याचा चुलतभाऊ बाबू येऊन म्हणाला, "दादा, यंदा तुझ्या घरात सण नाय. राखण माझ्या हातून होईल. तू नुसता लांब उभा राहा."

पावस गावातल्या त्या बागेला न दिसणारा राखणदार होता. वर्षातून एकदा त्याला नारळ आणि कोंबडा दिला की तो हापूसच्या कलमांकडे आणि घरच्या माणसांकडे बघतो. देताना गाऱ्हाणे, म्हणजे मोठ्याने मागणे, घालायचे. ते दरवर्षी बाबूच घाली, कारण चारचौघांत बोलायचे म्हटले की हरिश्चंद्राचा आवाज फुटत नसे. गाऱ्हाण्यात घरच्या सगळ्यांची नावे येत.

"तिचं नाव घेशील ना?" हरिश्चंद्राने विचारले.

"गेलेल्या माणसाचं? राखणदाराला खोटं सांगू?"

"यंदापुरतं घे."

"दादा, तू चहा पी."

चहा हरिश्चंद्रानेच केला होता आणि त्याला तो जमत नसे, म्हणून बाबूने आपला तसाच ठेवला होता.

आठवडाभराने मुलगी मृणाली मुंबईहून आली. सोबत दुर्बीण होती. ती तिने आईसाठी मागवली होती. तुळसाने टीव्हीवर शनीचे कडे पाहिले होते, आणि "एवढा दागिना अंगावर असून हा लोकांना पिडतो कशाला?" असे ती ज्याला त्याला विचारी. तिला तो एकदा खराखुरा बघायचा होता. दुर्बीण उशिरा आली.

दिवेलागणीनंतर मृणालीने ती घरापुढच्या खळ्यात उभी केली. हरिश्चंद्राने डोळा लावला.

"दिसला, बाबा?"

"दिसला. कडं कुठाय?"

"मधून आडवी रेघ गेलीय ना, तेच ते. यंदा त्याची नुसती धार आपल्याकडे आहे. काही वर्षांनी चांगलं पसरट दिसेल."

"हिने बघितलं असतं तर दुकानदाराशी भांडली असती."

मृणाली हसली. मग नाक पुसून सांगू लागली, "ते कडं अखंड नाही, बाबा. बर्फाचे तुकडे आहेत. मोकळे सोडले तर पांगतील. पण कडेकडेने बारके चंद्र फिरतात. एक तर कड्याच्या आतच फिरतो, स्वतःची वाट साफ करत. ते आहेत म्हणून कड सरळ राहते."

"बारके म्हणजे केवढे?"

"तो आतला असेल रत्नागिरीपासून पावसपर्यंत, आणि थोडा पुढे."

"म्हणजे तालुका पण नाय. दाखव बघू."

"यातून नाही दिसत."

"मग आहे कशावरून?"

"कडेवरूनच ओळखलं. आत कुणीतरी असल्याशिवाय कड अशी राहणार नाही, असं धरलं. मग यानाच्या जुन्या फोटोंत शोधला, तर होता."

"राखणदार," हरिश्चंद्र म्हणाला.

"शास्त्रज्ञ मेंढपाळ म्हणतात."

"आपल्याकडे मेंढ्या कुठे हायत?"

सकाळी तो बागेभोवतीच्या दगडी गडग्याकडेने फिरला. पडलेला चिरा उचलून जागेवर ठेवणे, फटीतले रान उपटणे, हे काम तुळसाचे होते. कुणी सांगितलेले नव्हते, ती करी. आषाढापासून गडग्याला कुणाचा हात लागला नव्हता. रान वाढले होते, पण गडगा अजून सरळ होता. तो बघत उभा राहिला आणि तिथून तडक बाबूकडे गेला.

"माणूस दिसत नसला तरी कडेवरून कळतो," तो म्हणाला. "शनीकडे तसंच धरतात. तिचं नाव घे."

"शनीकडचं शनीकडे, दादा. आपल्या राखणदाराला ते चालत नाय."

"तू विचारलंस त्याला?"

"तू विचारलंस?"

हरिश्चंद्र घरी आला.

राखणीच्या दिवशी तो गडग्यापाशी लांब उभा राहिला, शेजारी मृणाली. बाबूने नाव गाळले तर आपण ओरडून घ्यायचे, असे त्याने ठरवले होते. राखणदाराच्या झाडाखाली दोन गडी हात जोडून उभे होते. बाबूने नारळ ठेवला, कोंबडा काखेत धरला आणि डोळे मिटून नेहमीच्या चालीत सुरुवात केली.

"बा राखणदारा महाराजा, वर्षाप्रमाणे तुझा मान तुला देतो, तो गोड करून घे. कलमांवर मोहोर येऊ दे, वांदर-माकड लांब ठेव. आणि हा तुझा हरिश्चंद्र, त्याची घरकारीण तुळसा, लेक मृणाली, यांच्या पाठीशी उभा राहा रे महाराजा!"

"व्हय महाराजा!" गडी म्हणाले. हरिश्चंद्रही म्हणाला, आणि तो सगळ्यांत मोठ्याने म्हणाला.

बाबूने डोळे उघडले.

"दादा, चुकलं. तोंडातच बसलंय ते."

"असू दे."

"असू दे काय? मागे पण घेता येत नाय. तुम्ही व्हय म्हणून बसलात."

"बसलो."

"आता तो तिला बागभर शोधत फिरेल."

"फिरू दे," हरिश्चंद्र म्हणाला. "मी पण तेच करतो."