आळीआळीची उंची

हंबीरराव सुभेदारांचं डोकं त्या दिवशी ठिकाणावर नव्हतं. असणार तरी कसं? त्यांच्या मयत धाकट्या भावाची बायको हरणाबाई त्या पावसाळ्यात चौथ्यांदा घरातलं गटाराचं पाणी उपसत होती. आता तिची लेक तिला कायमची पुण्याला न्यायला निघाली होती. भरल्या घराला कुलूप लागणार होतं.

सुभेदारांनी फौजेत पूल बांधले होते. गवंडी वापरतात तसली पारदर्शक नळी त्यांनी पाण्यानं भरली आणि पातळी मापत दिवसभर गाव पालथं घातलं. जे निघालं ते बघून त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पूर्वी गावाचं पाणी आपसूक ओढ्याला जायचं. मग एकेका नगरसेवकानं आपापल्या आळीत जुन्या रस्त्यावरच नवा काँक्रीटचा थर ओतला. दारातलं पाणी शेजारच्या आळीत ढकललं, नारळ फोडला, फोटो काढला. अख्ख्या गावाचा उतार म्हणून विचार एकाही शहाण्यानं केला नव्हता.

दोन दिवसांनी सुभेदार हरणाबाईला घेऊन नगरपंचायतीच्या सभेत गेले. मुख्याधिकाऱ्यांचा तोडगा तयारच होता: हरणाबाईच्या आळीचाही रस्ता दोन फूट उचलायचा.

"मग पानी कुठं जाईल?" सुभेदार गरजले. "शाळंत! शाळा बुडली की शाळा उचला. गाव काय डोंगरावर न्हेऊन ठेवताय व्हय?"

"शाळा माज्या वॉर्डात न्हाई," नगरसेवक बाळासो म्हणाला.

"पानी तुजा वॉर्ड इचारून येतंय काय रं? सगळा उतार एकदम मापा. ज्या आळीनं वाट अडवलीय ती आदी फोडा."

"फोडू की." बाळासोनं फाईल उघडून पुढं सरकवली. "वड्याच्या तोंडाला आळी कुनाची, सुभेदार? रस्ता उचला म्हनून अर्जावर पयली सही कुनाची?"

सही त्यांचीच होती. सहा वर्षांपूर्वी रजेवर आले होते, अंगणात पाणी बघून चिडले होते, आणि अर्ज वाचायच्या आधीच सही ठोकली होती. परवा सगळं गाव मापलं, पण स्वतःची आळी मापली नाही. तिथं पाणी तुंबतच नव्हतं, मग मापायचं कशाला!

मागच्या बाकावरून हरणाबाई हळूच म्हणाली, "आवं भावजी, आन् मी समजत हुते, पाऊसच वाढलाय."

बाळासोवर, मुख्याधिकाऱ्यांवर काढलेला सगळा राग सुभेदारांच्या स्वतःवरच उलटला. जन्मात एवढी लाज वाटली नव्हती.

"लिवा," ते ओरडले. "पयली माजी आळी फोडायची."

कुणीही पेन उचललं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतःच्या दारासमोर पहिला घण घातला. शेजारचा नानासो बनियनवरच धावत आला.

"आवं सुभेदार, आमच्या दारात पानी यील की!"

"यिऊ दे," सुभेदार घण उचलत म्हणाले. "त्येला फुडं वड्याला जायचंय."