बावखलाकडे नेणारी लिंक

मी लिंक बोलतेय. हो, तीच ती निळी, अंगाखाली रेघ असलेली. वसईतल्या गिरीजच्या लेस्टर यांनी काढलेल्या गावाच्या वेबसाइटवर, अगदी तळाला माझा मुक्काम आहे. माझ्या अंगावर लिहिलंय, 'आमच्या गावची बावखलं : माझ्या मित्राने लिहिलेली माहिती'. बोट ठेवण्याची घाई करू नका, आधी जन्मकथा ऐका.

लेस्टर म्हणजे केळीच्या वाडीचे मालक. त्यांना कॉम्प्युटरचा नाद लागला आणि त्यांनी ही वेबसाइट काढली. सणाचे फोटो, फुलांचे भाव, कुणाची म्हैस हरवली, सगळं तिच्यावर. शेजारच्या वाडीतले सदानंद त्यांचे बालमित्र. एकाला नाद लागला की दुसऱ्याला लागणारच. सदानंदांनी आपलं वेगळं पान काढलं आणि त्यावर फक्त बावखलांविषयी लिहिलं. बावखल म्हणजे आमच्याकडचं वाडीतलं तळं. पावसाचं पाणी त्यात मुरतं, आसपासच्या विहिरी गोड राहतात, आणि पोरं त्यात पडतात. त्या पानाकडे जायची वाट म्हणून लेस्टरनी मला जन्माला घातलं. स्वतः मात्र ते कधी वाचलं नाही; लिहिणारा रोज भेटतो, वाचायचं काय, म्हणायचे.

मग सदानंद वारले. त्यांच्या पानाची मुदत संपली, ती वाढवायची असते हे घरात कुणाला ठाऊक नव्हतं. पान गेलं आणि मी तुटले.

खोटं कशाला बोलू, तुटल्यावर मला फार मजा आली. कुणीतरी भाविकपणे माझ्यावर बोट ठेवायचं आणि मी दाखवायचे, 'हे पान सापडत नाही'. माणसं मोठी गमतीदार असतात. लगेच विश्वास ठेवत नाहीत. पुन्हा दाबतात, मग जोर लावून दाबतात, जणू दणका दिला की मेलेलं पान उठून बसेल. एक गृहस्थ तर माझ्यावर फुंकर मारून गेले.

लेस्टर मात्र मला कधीच हात लावत नसत. त्यांची बायको प्रिस्का म्हणायची, "काढून टाका ना ती. लोक हसतात."

"राहू दे," ते म्हणायचे. "तिला काय खायला घालावं लागतं?"

मला काढणं म्हणजे मित्राचं नाव पुसणं, हे ते तोंडाने बोलत नसत. पण मला कळायचं, आणि तेवढ्यापुरती मी गप्प बसायचे.

अशा तुटकीला कोण विचारणार? पण विचारलं हो! आमच्या वसईत नवा माणूस दिसला की आधी चौकशी होते, "कुणाकडचा?" कुणी भल्या माणसाने 'आमच्याकडचा' म्हटलं की दारं उघडतात. इंटरनेटवरची शोधयंत्रंही अशीच चौकस. जुन्या, इमानी वेबसाइटवरून लिंक आली की ती त्या पानाला पुढे बसवतात. म्हणून अशा लिंका मिळवून देण्याचा एक धंदाच आहे. त्यातली एक युक्ती म्हणजे जुन्या वेबसाइटवरची तुटलेली लिंक हुडकायची, मालकाला गोड पत्र लिहायचं आणि तिचं तोंड आपल्या गिऱ्हाइकाकडे वळवून घ्यायचं.

ही युक्ती घेऊन सुरुची आली. चंदनसारला राहणारी मुलगी, या कामात नवीन. तिच्या कंपनीचं गिऱ्हाईक होतं प्लॅस्टिकच्या पाण्याच्या टाक्या विकणारं. तिचा साहेब हितेश तिला फोनवर म्हणाला, "या महिन्यात एक तरी लिंक आण, नाहीतर दुसरं काम बघ." तेव्हा तिच्या लॅपटॉपवर मीच उघडी होते, म्हणून ऐकलं. माझं पान जिथे उघडतं तिथे माझे कान असतात.

तिने पत्र धाडलं. 'आपल्या पानाची मी नियमित वाचक आहे. आपल्याकडची एक लिंक तुटल्याचं माझ्या लक्षात आलं. तिच्या जागी आमचं पान जोडल्यास सर्वांची सोय होईल.' हेच पत्र तिने त्या दिवशी कुत्र्यांच्या डॉक्टरपासून लग्नाच्या बँडपर्यंत सगळ्यांना धाडलं होतं. अशा पत्राला कुणी उत्तर देत नसतं.

पण लेस्टर पहिल्या वाक्यालाच विरघळले. नियमित वाचक! आजवर नियमित वाचक एकटी प्रिस्का, आणि तीही धाकाने. त्यांनी उलट लिहिलं, 'रविवारी चर्चमधल्या मिस्सानंतर जेवायला ये. वाचक कसा असतो ते आम्हाला बघायचंय.'

बिचारी आली. काय करणार, नोकरीचा प्रश्न! लेस्टरनी पाहुणीला दाखवायला वेबसाइट उघडून ठेवली होती, त्यामुळे मला जेवणाचं टेबल समोरच दिसत होतं. तांदळाची भाकरी, कोळंबीचं कालवण. सुरुची भाकरीचे नुसते तुकडे करत होती.

"आमच्या पानावर तुला काय आवडतं गं?" प्रिस्काने विचारलं.

सुरुचीने माझ्या पानावरचं एक अक्षर वाचलं नव्हतं. पण टाक्यांचं पान माझ्या जागी शोभावं म्हणून, मी पूर्वी कुठे नेत होते ते तिने शोधून वाचलं होतं. ती घाईघाईने म्हणाली, "ते बावखलाचं, आंटी. तो मुलगा चर्चमधल्या पहिल्या कम्युनियनच्या दिवशी पांढरा सूट घालून बावखलात घसरतो ना, मी खूप हसले."

लेस्टरचा हात कालवणातच राहिला.

"घसरतो?"

"हो अंकल. घसरून पडतो. तसंच लिहिलंय."

"कुठे लिहिलंय?" त्यांचा आवाज बदलला होता. "ते पान तर गेलं."

"गेलेल्या पानांच्या जुन्या प्रती ठेवणारी एक साइट असते अंकल. आम्हाला कामात लागते." तिने तिथल्या तिथे कॉम्प्युटरवर उघडून दाखवलं.

सदानंदांचं पान. जसंच्या तसं. लेस्टरनी चष्मा पुसला, परत पुसला, आणि ओठ हलवत वाचू लागले. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत होते आणि मला, लोकांची फजिती करणाऱ्या मला, चेष्टा सुचेना. मग ते एकदम पडद्यावर ओरडले.

"घसरलो? खोटारड्या, तूच ढकललंस मला!"

"अहो!" प्रिस्का म्हणाली. "म्हणजे मासा धरायला उतरला होतात असं मला सांगत आलात ते..."

लेस्टर हसायला लागले. हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते त्यांनी पुसलंही नाही.

तेव्हा सुरुचीने सगळं सांगून टाकलं. ती वाचक नाही, पत्र सगळ्यांना गेलं होतं, तिला टाक्यांसाठी लिंक हवी होती, नाहीतर नोकरी जाणार होती.

"टाकीत बेडूक राहतात का?" लेस्टरनी विचारलं.

"नाही."

"मग नाही देणार. तू आधी जेव."

जेवण झाल्यावर तिने सदानंदांचा सगळा मजकूर लेस्टरच्या वेबसाइटवर उतरवून दिला आणि माझं तोंड तिकडे वळवलं. जाताना प्रिस्काने तिच्या हातात केळ्यांची फणी दिली.

दुसऱ्या दिवशी ती आणि हितेश फोनवर होते. "लिंक मिळाली?" "नाही." "मग काय मिळालं?" "केळी." पुढचं ऐकवेना.

पण त्याच दुपारी लेस्टरनी हितेशला पत्र टाकलं. 'आपल्या कंपनीचा मी नियमित वाचक आहे. आपल्याकडची एक चांगली मुलगी सुटायच्या बेतात असल्याचं माझ्या लक्षात आलं. तिला ठेवून घेतल्यास सर्वांची सोय होईल.' हितेशला आपल्याच कंपनीचं पत्र ओळखू आलं म्हणे. त्याने अजून एक महिना दिलाय. सुरुची मधूनमधून माझं पान उघडते, आता खरोखर वाचायला.

मी आता धडधाकट आहे. कुणाला तोंडावर पाडता येत नाही, थोडं चुकल्यासारखं होतं. रोज सकाळी वाडीत जाण्यापूर्वी लेस्टर माझ्यावर बोट ठेवतात, सदानंदांशी भांडतात आणि निघतात. तुम्हीही या. हळूच बोट ठेवा, दणके नकोत. आणि आत जाण्याआधी माझ्या खाली लेस्टरनी नव्याने लिहिलेली ओळ तेवढी वाचा, 'यातली सुटाची हकिकत साफ खोटी आहे. बाकी सदानंदने लिहिलेलं सगळं खरं.'