वर बघ, बाळा

खांदेश्वरच्या दिव्यांग केंद्रात नव्या लिफ्टचा नारळ फुटला, आणि सुनयना मॅडमना काय भक्ती सुचली कुणास ठाऊक, त्यांनी खोबऱ्याचा तुकडा सरळ कुंदनच्या तोंडात सारला. व्हीलचेअरवरचा तरणाताठा कुंदन, चावणं-गिळणं त्याला धड जमत नाही. त्याला सगळं मऊ कालवून लागतं हे तिथल्या शेंबड्या पोरालाही माहीत. आणि मॅडम तर संचालिका!

त्याची मदतनीस तेजश्री भात कालवायला आत गेली होती. बाहेर येते तर काय, मॅडम त्याची हनुवटी वर करून टाळूवर थापट्या मारतायत.

"वर बघ, बाळा, वर बघ! कोण आठवण काढतंय एवढी?"

माणसं हसत होती. कुंदनला साधा खोकलाही येत नव्हता. आवाज नाही, श्वास नाही, ओठ काळेनिळे पडलेले.

"सरका!" तेजश्री किंचाळली.

"अगं, ठसका लागलाय नुसता. पाणी पाज."

"पाणी गेलं खड्ड्यात! हात काढा आधी! वॉचमनकाका, एकशे आठला फोन लावा!"

तिने खुर्चीचा ब्रेक लावला, कुंदनला पुढे वाकवलं आणि पाठीवर, दोन्ही खांद्यांच्या मधोमध, तळहाताने दणके दिले. काही नाही. मग खुर्चीमागून हात घातले, मूठ बेंबीच्या वर रोवली आणि आत-वर खेचली. पुन्हा खेचली. रागाने तिला रडू फुटलं होतं. हा गेला ना, तर या बाईला मी सोडत नाही, एवढंच डोक्यात होतं.

तुकडा बाहेर उडाला. कुंदनने घोगरा श्वास ओढला आणि भोकाड पसरलं.

"झालं! देवाची कृपा," मॅडम म्हणाल्या. "काका, अॅम्ब्युलन्स राहू दे, उगाच तमाशा नको." आणि त्यांनी कुंदनच्या आईला फोन लावला. "राहीबाई, जरा ठसका लागला होता हो. आता एकदम ओके आहे."

तेजश्रीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने फोन हिसकावला.

"राहीबाई, त्याचा श्वास अडकला होता. तुकडा निघाला, पण मी पोट जोरात दाबलंय, डॉक्टरांनी बघायलाच हवं. रिक्षा करा आणि या. काका, लावा तुम्ही फोन!"

पलीकडे दिवाळे गावातला मासळीबाजार कलकलत होता.

"जिता हाय ना माझा पोर?"

"आहे."

"त्याला कोनी भरवला?"

तेजश्रीने स्पीकर चालू केला आणि फोन मॅडमच्या तोंडासमोर धरला.

"बोला," ती म्हणाली. "आई विचारतेय."