पिवळी तीज

रंजिता राठोडला तांड्यात तोंडावर कुणी कचरेवाली म्हणत नव्हतं. म्हणायचे ते पाठीमागे, आणि पाठीमागचं बोलणंच तर माणसाला आधी ऐकू येतं. पोरगी अमरावतीला राहून इंजिनिअर झाली, त्यावर पुन्हा पर्यावरणाचं शिकली, आणि नोकरी धरली कुठं, तर नगरपरिषदेच्या कचरा डेपोवर! यवतमाळ जिल्ह्यातलं कुठलंही तालुक्याचं गाव डोळ्यांसमोर आणा. एसटी स्टँड, दोन-चार जिनिंग, रसवंत्या, आणि गावाबाहेर बारा महिने धुमसणारा उकिरडा. त्या उकिरड्याकडे रंजिता रोज सकाळी स्कुटी घेऊन निघाली, की तांड्यातल्या बायका कपाळाला हात लावायच्या.

बरं, पोरगी काही तिथं खराटा घेऊन उभी राहत नव्हती. कुठली घंटागाडी कुठल्या गल्लीत जाणार, ओला कचरा कुठं रिता करायचा, सुक्यातलं काय भंगारात जाणार आणि काय पुरावं लागणार, हे सगळं तिच्या शब्दावर चालायचं. पण तिचा खरा जीव खतात होता. भाजीबाजारातला पाला, घरोघरचं शिळंपाकं आणि जिनिंगमधून निघणारी कापसाची घाण, यांचे थर देऊन तिने लांबच लांब ढीग लावले होते. लांब दांड्याचं थर्मामीटर ढिगात खुपसायचं आणि आतला ताप बघायचा. ढीग चांगला तापला की अळ्या, किडे, तणाचं बी सगळं मरतं. मग तो उलथापालथा करायचा, पुन्हा तापू द्यायचा. होता होता तो स्वतःहून थंड पडतो. मग त्याला काही दिवस मुरू द्यायचं, आणि शेवटी मूठभर खतात चार दाणे पेरून बघायचे. दाणे नीट उगवले, तर खत पिकलं. नाही तर अजून कच्चं.

तिच्या हाताखाली उकिरड्याचा धूर बंद झाला. गावातले संत्र्याच्या बागावाले खत न्यायला लागले. आणि तिचा स्वतःचा तांडा? तांडा म्हणायचा, 'लोकायच्या उष्ट्याचं खत आपल्या वावरात? नको रे बाप्पा!' साहेबांच्या शाबासकीने तिचं पोट भरत नव्हतं. आपल्या माणसांनी आपल्या हातचं एक घमेलं तरी घ्यावं, एवढंच तिला हवं होतं, आणि तेवढंच मिळत नव्हतं.

पण तिची याडी, म्हणजे आई, भुरीबाई. ही बाई गप्प बसली असती, तर ही गोष्टच घडली नसती.

श्रावणात बंजाऱ्यांच्या तांड्यात लग्न व्हायच्या पोरी टोपल्यांत गहू पेरतात. तिला तीज म्हणतात. टोपल्या नायकाच्या, म्हणजे तांड्याच्या प्रमुखाच्या, अंगणात मांडवाखाली ठेवायच्या, गाणी म्हणत त्यांना रोज पाणी घालायचं, नऊ दिवस लेकरासारखं जपायचं. तीज हिरवीगार, वीतभर वाढली, की तांड्याचं साल चांगलं जाणार आणि पोरींना घरं चांगली मिळणार. टोपलीत वारुळाची माती घालतात आणि शेळ्यांच्या लेंड्यांचं खत. यंदा नायकाच्या अंगणात बायका जमल्या, तेव्हा कुणाच्या तरी ध्यानात आलं, की तांड्यात आता शेळ्या राहिल्यात कुठं!

'लेंड्या कायले पाहिजे?' भुरीबाई सगळ्यांदेखत म्हणाली. 'माह्या रंजीचं खत आहे ना! काळंभोर, सोन्यावानी. ते घाला, मंग पाहा तीज कशी येते!'

सोनं काळं कुठं असतं, पण आईला कोण समजावणार! बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. सेवादास नायक बाजेवर बसून पान लावत होते. शांत माणूस, बोटावरचा चुना त्यांनी आधी पानाला नीट फासला.

'घाला,' ते म्हणाले. 'आणि तीज चांगली आली, तं आपन बी ट्रॉल्या आनू. कपाशीच्या बुडाशी देऊ. मंग कोनी उष्टं-पाष्टं म्हनाचं नाई.'

भुरीबाई घरी आली ती उड्या मारतच. 'उद्या सांजच्याले खत पाहिजे, रंजी. जबान देऊन आली मी.'

रंजिताला आनंद झाला, आणि त्याच क्षणी धास्तीही वाटली. कारण डेपोवर तयार म्हणावा असा एकच ढीग होता, आणि त्याचीच तिला खात्री नव्हती. पावसात गावात पाणी तुंबलं, तेव्हा नाल्या काढायला जेसीबी नेला, तो बरेच दिवस आलाच नाही. ढीग उलथायचा राहून गेला. ताडपत्रीखालून पाणीही मुरलं होतं. दुसऱ्या दिवशी तिने थर्मामीटर खुपसलं, तर ढीग थंड. चला, झालं म्हणायचं, असं तिने स्वतःला सांगितलं. हातात घेतलं तर काळं, भुसभुशीत. जरासा आंबूस वास आला. पावसाचा असेल, असंही तिने स्वतःलाच सांगितलं. दाणे पेरून बघायला दिवस लागतात, आणि याडी तर आज सांजचं बोलून बसलेली. दुसऱ्या कुणा गिऱ्हाइकाला तिने चार दिवस थांबा म्हणून सरळ सांगितलं असतं. आपल्या माणसांना ते सांगायची तिची हिंमत झाली नाही. थांबा म्हटलं, तर हे पुन्हा विचारणार नाहीत, ही भीती. तिने खत चाळलं, पोत्यात भरलं, आणि स्कुटीवर घेऊन आली.

सुरुवातीला तीज अशी तरारून वर आली, की भुरीबाईचे पाय जमिनीला लागेनात. मग कोंभांची टोकं पिवळी पडली. मग पातीच पिवळी. पोरी घाबरल्या, जास्त पाणी घालायला लागल्या. तसतशी तीज आणखी बसत चालली. पोरींतली मोठी, हंसा, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती, आणि वणीच्या एका घरी तिच्या सोयरिकीचं बोलणं चाललं होतं. तीज तिच्या हाताने पेरलेली, टोपल्यांची राखणही तिच्याकडेच. ती मांडवात बसून हुंदके देऊन रडत होती आणि बायका भोवती कुजबुजत होत्या.

रंजिता डेपोवरून आली ती तडक मांडवात गेली. तिने एका टोपलीत बोट खुपसलं. माती कोमट होती.

झालं. तिला पुढे काही बघायची गरजच उरली नाही. ढीग पिकून थंड झालेला नव्हता. हवा न मिळाल्यामुळे तो गुदमरून पडला होता, आणि टोपलीत मोकळा झाल्याबरोबर पुन्हा आंबायला लागला होता. तरी तिने एक रोप अलगद उपटलं. मुळ्या तपकिरी, टोकं जळालेली. कॉलेजात स्लाइडवर बघितलेलं चित्र होतं ते, फक्त तेव्हा शेजारी कुणी रडत नव्हतं.

'म्या आधीच म्हनलं होतं,' बायकांतली मानीबाई म्हणाली, 'उष्ट्यावर देव उगवते का कवा?'

आता भुरीबाई बिथरली. लेकीवर बोट आलं म्हटल्यावर तिला काही सुचेना. 'माह्या पोरीच्या खताले नावं ठेवू नका! संत्रावाले घेऊन जातेत तिचं खत. या हंसीचा हातच चांगला नाई. तिनं पानी ओतू ओतू तीज सडवली. हात लागाले बी नशीब लागते!'

हंसाने वर बघितलं. लग्नाची बोलणी चाललेल्या पोरीच्या हाताला तीज लागत नाही, हे बोलणं तांड्यातून वणीला पोचायला एक एसटी पुरते. आणि सगळ्यात वाईट म्हणजे बायकांना ते पटायला लागलं. पाणी तर पोरीने जास्त घातलं होतंच की! एकीने मान हलवली, दुसरीने सुस्कारा सोडला. हंसाची आई तोंडाला पदर लावून खाली बसली. उष्ट्याच्या खतापेक्षा अभागी हात समजायला सोपा असतो.

सेवादास नायक पुढे आले. त्यांनी पिवळ्या टोपल्या एकेक करून बघितल्या. 'खरं काय ते रंजीनं सांगावं,' ते म्हणाले. 'ती शिकेल आहे यातलं. पोरी, पान्यानं झालं का हे?'

आता बघा, पाणी जास्त झालंच होतं. हो म्हटलं असतं, तर ते पुरतं खोटंही नव्हतं. याडीची मान वर राहिली असती. पोळ्यानंतर ट्रॉल्या तांड्यात आल्या असत्या, ज्याची तिने एवढी वाट बघितली होती. तिने याडीकडे बघितलं. भुरीबाईच्या डोळ्यांत आता तोरा नव्हता, नुसती विनवणी होती. 'हो म्हन, माय,' असंच ते डोळे लेकीला म्हणत होते. मग रंजिताची नजर हंसाच्या हातांकडे गेली. ओल्या मातीने माखलेले ते हात पोरगी पदराखाली लपवत होती.

'पान्यानं नाई, काका,' रंजिता म्हणाली. 'खत कच्चं होतं. मले शंका आलती, तरी बी म्या तपासलं नाई. तिच्या जागी कोनी बी असती, तरी तीज अशीच झाली असती. हंसाचा काईच दोष नाई.'

'आनि ट्रॉल्या?' मागून लखीराम नावाचा शेतकरी म्हणाला. खताच्या ट्रॉलीसाठी सगळ्यांत आधी त्यानेच नाव दिलं होतं.

'नका आनू. हे खत आता कपाशीच्या बुडाशी घातलं, तं कपाशी बी पिवळी पडन. ढीग पुन्हा उकलाचा आहे मले.'

माणसं माना खाली घालून एकेक करून पांगायला लागली. शिव्या दिल्या असत्या, तर बरं वाटलं असतं तिला. भुरीबाई उठली, लुगडं झटकलं आणि लेकीकडे न बघता घराकडे चालायला लागली. त्या रस्त्याने रंजिता मागून गेली, पण दोघींमध्ये एक बैलगाडी जाईल एवढं अंतर होतं. घरी आल्यावर भुरीबाई चुलीकडे तोंड करून एवढंच म्हणाली, 'माह्यासाठी तरी चूप बसाचं होतं.' रंजिताला रडू आलं, आणि ते तिने लपवलं नाही. 'तुह्यासाठीच तं चूप बसून खत आनलं होतं, याडी,' ती म्हणाली. भुरीबाईने चुलीत लाकूड सारलं.

दुसऱ्या दिवशी रंजिता डेपोवर उभी राहून ढीग उकलून घेत होती. आतून अशी काही घाण सुटली, की जेसीबीवाल्याने नाकाला रुमाल बांधला. मुख्याधिकाऱ्यांना तिने फोनवर स्पष्ट सांगितलं, की या ढिगातलं खत इतक्यात कुणालाच द्यायचं नाही. ते करवादले. तिला त्याचं फारसं काही वाटलं नाही. तांड्यातलं दार आपणच आपल्या हाताने लावून घेतलं, हे मात्र दिवसभर डोक्यातून जाईना.

शेवटच्या दिवशी तीज शिरवायची असते, म्हणजे पाण्यात सोडायची असते. पिवळी असो की हिरवी, नऊ दिवस जपलेली तीज टाकून थोडीच देतात! शिरवण्याआधी पोरी कोंभ खुडून मोठ्यांना देतात. माणसांच्या पागोट्यात खोवतात, बायकांच्या केसांत माळतात. रंजिताने जायचं नाही असंच ठरवलं होतं. पण दुपारी भुरीबाई नवं लुगडं नेसून दारात आली. 'चाल,' म्हणाली. 'त्या पोरीले म्या बोलली. मले बी तोंड दाखवाचं आहे.'

मांडवात पोरी कोंभ खुडत होत्या, गाताना रडत होत्या. सेवादास नायकांनी पागोटं खाली झुकवलं आणि हंसाने त्यात पिवळे कोंभ खोवले. मग बाकीची माणसं पुढे आली. भुरीबाई गर्दीतून वाट काढत हंसाजवळ गेली आणि सगळ्यांदेखत तिने पोरीचे दोन्ही हात धरून आपल्या डोळ्यांना लावले. माफीचा शब्द काही तिच्या तोंडून निघाला नाही. हंसाने तिच्या अंबाड्यात कोंभ माळले.

रंजिता मागे, मांडवाच्या खांबाला टेकून होती. तिच्याकडे कुणी येईल असं तिला वाटत नव्हतं. तिथपर्यंत हंसा आली आणि तिच्या वेणीत उरलेले कोंभ खोचायला लागली. ते इतके लुळे होते, की टिकेनात, म्हणून तिने ते केसांच्या पेडात नीट गुंफले.

'ताई,' ती हळूच म्हणाली, 'वनीवाले हो म्हनले. पुढच्या साली मी नाई राहीन तांड्यात. तीज माही लहान बहीन पेरन.'

'बरं झालं,' रंजिता कशीबशी म्हणाली.

'तिले म्या सांगून ठेवलं आहे, खत तुमच्याकडूनच घेजो म्हनून. कच्चं असलं तं तुम्ही सांगसान.'

हंसाने टोपली डोक्यावर घेतली, आणि पोरींच्या मागोमाग सगळा तांडा नाल्याकडे निघाला.